संरक्षण खर्चाचा हिशेब संसदेने कितपत मागावा?

तापीकाठ :
2025-26 चं संरक्षण बजेट 6 लाख 81 हजार कोटींचं. त्यात 1 लाख 60 हजार कोटी फक्त पेन्शनचे. एवढ्या पैशावर लोकसभेत चर्चा किती होते? 2023 ला तर अख्खं बजेटच गोंधळात, चर्चेविना मंजूर झालं, संरक्षण खर्चाच्या मागण्याही त्यातच. आपल्या वरणगावच्या दारूगोळा फॅक्टरीत कामगाराची गेटवर झडती होते, काडतुसं मोजून बाहेर जातात. मग कोट्यवधींच्या मागण्या न मोजता कशा पुढे सरकतात?

फौजी अमळनेर :
भाऊ, 2017 चा जुलै आठवा. डोकलामला चीन समोर उभा, आणि सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा अहवाल संसदेत: 152 प्रकारच्या दारूगोळ्यापैकी 61 चा साठा युद्धात दहा दिवसही पुरणार नाही. लगेच सगळ्या चॅनेलवर तेच. पोरगं सीमेवर असलेल्या आईबापांनी ते बघून रात्र कशी काढली असेल? शत्रूला हेर धाडायची गरजच उरली नाही.

तापीकाठ :
आबा, साठा अहवालामुळे आटला नव्हता. 2015 लाही कॅगनं हेच लिहिलं होतं. दोन वर्षांत फारसं काही हललं नाही, ही खरी चीड आणणारी गोष्ट. तेव्हा संरक्षण राज्यमंत्री आपल्याच धुळ्याचे डॉ. भामरे होते. इथल्या किती जणांनी त्यांना याचा जाब विचारला?

फौजी अमळनेर :
जाब विचारून काय होतं ते बोफोर्स तोफांच्या खरेदीनं दाखवलं. 1987 ला त्यातल्या दलालीचा बोभाटा झाला, आणि पुढची नवी हॉवित्झर तोफ घ्यायचा करार 2016 ला! सही करायला अधिकारी धजत नव्हते. कारगिलला त्याच जुन्या बोफोर्सनं तारलं.

तापीकाठ :
पण दलालीची बातमी दिली कुणी? स्वीडनच्या रेडिओनं. आपल्या संसदेला आधी पत्ताच नव्हता. करार होतानाच संसदेच्या समितीनं कागद तपासले असते, तर तीस वर्षं वाया गेली नसती.

चोपड्याचे गुरुजी :
संसदेची संरक्षणाची स्थायी समिती 1993 पासून आहे, बसते बंद दाराआडच. अडचण एवढीच की तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. साठ्याचे आकडे तिथेच ठेवा, पण शिफारस फेटाळली तर का फेटाळली, ते मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून सांगावं.

फौजी अमळनेर :
गुरुजी, एवढं मला चालेल. साठ्याचा आकडा मात्र टीव्हीवर दिसता कामा नये, यावर मी ठाम आहे.