खिद्रापूरच्या कोपेश्वरासमोर नंदी का नाही?

प्रश्न: काल लेकीला घेऊन खिद्रापूरला गेलो. महादेवासमोर नंदीच नाही! तिनं कारण विचारलं, मला सांगता येईना.

शिरोळहून: माझी आजी सांगायची, दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून माहेरी गेली, म्हणून नंदी इथं नाही, तो कर्नाटकातल्या यडूरला. तिथं सतीनं देह टाकला नि महादेव कोपला, तो कोपेश्वर. समजूत घालायला विष्णू आला, तो धोपेश्वर. गाभाऱ्यात दोन्ही लिंगं शेजारी आहेत. आजी दोघांनाही बेल वाहायची, "समजावणाऱ्यालाबी मान द्यावा" म्हणायची.

इचलकरंजीहून: देवळाच्या पुढच्या स्वर्गमंडपात वर बघितलं का? ४८ खांब, आणि छताला गोल मोकळं आभाळ. तिथं मी दर खेपेला गप्प उभा राहतो.

प्रश्नकर्ता: लेकीला वाचून दाखवलं. रविवारी यडूरला निघतोय.