अनुभव धागा: मोबाइलवर धंदा, कोणाचा कसा जमला?

कलमवाली
आज फोनने आपणहून जुना फोटो वर काढला. एप्रिल २०२०, पडवीत आंब्यांची आढी आणि बाजूला डोक्याला हात लावलेले बाबा. लॉकडाऊन, वाशीचा दलाल फोन उचलेना. मी गावी अडकलेली. बाबांना कापून तोच फोटो पुण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "देवगड, पाच डझनी पेटी, पास मिळाला की टेम्पो येईल, नावं द्या." तासाभरात सत्तावीस नावं. बाबांचं एकच, "न बघता आधी पैसे देतील?" जन्मभर दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येण्याची वाट बघितलेला माणूस.
तुम्ही काय काय केलंत? फसलेलंही लिहा.

खाडीकाठ
गुहागरात दोन खोल्यांचं होमस्टे. भाच्याने ड्रोन उडवून रील केलं. माड, लाटा, वर गाणं. दोन लाखांवर लोकांनी बघितलं, बुकिंग तीन, त्यातलं एक रद्द. बाकी सगळे "प्राइस प्लीज". मग हिने मोदक वळतानाचा अंधारा व्हिडिओ टाकला, बांगड्यांचा आवाज, मागे म्हैस. फोन आले ते थेट "मोदक देणार ना? मग येतो."

हापूसभक्त_ठाणे
मोदक कसे दिले?

खाडीकाठ
आधी प्राइस प्लीज म्हणा.

मिरचीकूट
घाईत लिहितेय, मिरच्या उन्हात आहेत. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टचा घोळ कोणाचा झालाय? एका लिस्टीत २५६ जण, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. मला दोन वर्षं पत्ताच नाही! दर मे महिन्यात "मसाला तयार" लिहायचे, निम्म्यांना पोचायचंच नाही. वाटलं लोक रुसले. आता पाकिटावरच चिठ्ठी: नंबर सेव्ह करा, नाहीतर मसाला चुकेल.

सोलकढी
ग्रुप कर ना गं.

मिरचीकूट
केला होता. सकाळी सुप्रभात, दुपारी राजकारण, रात्री मीच बंद केला.

घोव_दर्यात
माका रील-बील जमणा नाय. घोव इलो की मासळेचो फोटो काढून स्टेटसाक लावतंय, नवाच्या आत संपता. जून-जुलैत बोटी बंद, गिऱ्हाईक इसारतत. म्हणान पावसात सुके बांगडे नि गोलमो, म्हंजे सुको जवळो, लावलंय. एका मुंबयवाल्यान इचारल्यान, वास येता काय? म्हटलंय, फोटोक येणा नाय.

रत्नांग्रीवाला
माझ्या बागेचा फोटो ढापून कोणीतरी कर्नाटकी आंबा हापूस म्हणून खपवला. शिव्या मला. २०१८ साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण फोटोला कसलं मानांकन! आता प्रत्येक फोटोत कलमाला टेकून आईला उभी करतो. आई कोणी ढापत नाही.

कलमवाली
आणि त्या तयार होतात?

रत्नांग्रीवाला
दर सीझनला नवी साडी.

हापूसभक्त_ठाणे
पण खरा हापूस कुठला, देवगड की रत्नागिरी?

रत्नांग्रीवाला
इथे नको.

घोव_दर्यात
देवगड.

पोफळीची_वाडी
दिवेआगर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात वाडी आडवी झाली. रेंज आल्यावर फेसबुकवर जुन्या पाहुण्यांसाठी दोन ओळी लिहिल्या, "घर आहे, छप्पर नाही. आम्ही बरे आहोत." जाहिरात म्हणून नव्हे हो. काहींनी दिवाळीच्या खोलीचे पैसे तेव्हाच पाठवले. दोघांना अजून यायला जमलेलं नाही, त्यांची नावं वहीत पहिल्या पानावर आहेत.

सोलकढी
वाचून गप्प झाले.
कलमवाली, बाबा आता काय म्हणतात?

कलमवाली
स्वतः स्टेटस टाकतात, अर्ध्या फोटोत त्यांचं बोट. दलालही बघतो, काल त्याने अंगठा पाठवला. बाबांनी उत्तर दिलं नाही.

मिरचीकूट
विषय सोडून, यंदा कोकमाचं आगळ फेसाळलंय. मीठ कमी पडलं का?

घोव_दर्यात
बरणी ओली व्हती काय?