विषय: प्लांट मेक्सिकोला चाललाय, ट्रेड अ‍ॅक्टची मदत मिळते का?

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या मेल्सच्या मध्येच हे टाकतेय, सांभाळून घ्या. ह्यांच्या ऑटो पार्ट्सच्या प्लांटमधली मोल्डिंगची लाइन मेक्सिकोला हलवतायत, नोटीस हातात पडली, साठ दिवस आहेत. लाइनवरची जुनी माणसं म्हणतायत घाबरू नका, ट्रेड अ‍ॅक्ट आहे, परदेशी व्यापारामुळे नोकरी गेली की अमेरिकन सरकार कॉलेजची फी भरतं आणि वर दर आठवड्याला पैसेही येतात. नेटवर पण तसंच दिसतंय. ह्यांना त्रेपन्न पूर्ण झालीत, आता नवीन शिकायचं म्हणजे... कोणाला काही माहीत असेल तर प्लीज लिहा.
– नंदा

------

नंदा,
मी रिटायर होईपर्यंत एचआरमध्येच होतो, म्हणून जरा लांबण लावतो. ती माणसं खोटं बोलत नाहीयेत गं, त्यांनी ते बघितलंय. केनेडीच्या वेळचा १९६२ चा कायदा, १९७४ मध्ये सोपा केला, मग नाफ्टा, म्हणजे अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोचा व्यापार करार, आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी योजना आणि २००२ मध्ये दोन्ही एकत्र. प्लांटमधल्या तिघांनी सह्या करून अर्ज टाकला तरी चालायचा, कंपनीच्या पाया पडायची गरज नाही. लेबर डिपार्टमेंटने शिक्का मारला की ट्रेनिंगचा खर्च आणि अनएम्प्लॉयमेंट (बेकारीचा भत्ता) संपल्यावरही आठवड्याचे पैसे. पन्नाशीच्या पुढच्याला कमी पगाराची नोकरी धरावी लागली तर फरकातले निम्मे पैसे, दोन वर्षांत मिळून दहा हजार डॉलरपर्यंत. तुझ्या ह्यांच्यासाठी तेच सगळ्यात कामाचं होतं.

पण १ जुलै २०२२ पासून हे बंद आहे. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, मुदत वाढवलीच नाही, नवीन अर्ज घेतच नाहीत. आधी मंजूर झालेल्यांचं चालू राहिलं म्हणून वेबसाइट जिवंत दिसते, आणि तिथेच लोक फसतात, त्या आशेवर बसून बाकीच्या तारखा घालवतात.

आणि ते चालू होतं तेव्हाही काही सुखाचं नव्हतं. आमच्याकडचा एक प्रेस ऑपरेटर, कम्युनिटी कॉलेजात हीटिंग-कूलिंगचा कोर्स करत होता, दर आठवड्याला हजेरीच्या कागदावर मास्तरची सही लागायची. पोराच्या वयाचा मास्तर, तो सुट्टीवर गेला, सही राहिली, चेक अडकला, आणि हा बाबा त्या महिन्यात घराचा हप्ता कसा भरायचा म्हणून माझ्या ऑफिसात येऊन बसला. आपल्या मिशिगनमधल्या ग्रीनव्हिलला इलेक्ट्रोलक्सचा फ्रिजचा कारखाना २००६ मध्ये बंद होऊन मेक्सिकोत हुआरेजला गेला तेव्हा २७०० माणसं, छोटंसं गाव, एवढी सगळी माणसं एकदम शिकून बाहेर पडली तरी घेणार कोण त्यांना?
– प्रभाकरकाका

------

काका, एक बोलू का, राग मानू नका. हे सगळं फॅक्टरीवाल्यांना तरी मिळत होतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना आधी वर्षानुवर्षं सांगितलं की सॉफ्टवेअर ही वस्तूच नाही, त्यामुळे तुम्ही योजनेत बसत नाही, लोक कोर्टात गेले तेव्हा कुठे २००६ मध्ये लेबर डिपार्टमेंटवाले जरा नरमले. सर्व्हिसवाल्यांना रीतसर घेतलं २००९ मध्ये आणि २०२१ मध्ये परत बाहेर. माझी टीम गेली तेव्हा काम गेलं हिंजवडीला, आणि त्याच प्रोजेक्टवर माझा मावसभाऊ लागला. मी अर्ज कोणाच्या नावाने टाकायचा? घरी फोन केला की मावशी पेढे वाटल्याचं सांगते.

मला विचाराल तर योजनेचा पायाच चुकीचा होता, नोकरी व्यापारामुळे गेली की मशीनमुळे, घरी किराणा तेवढाच लागतो ना.
– विनू

------

विनू, किराण्याचं बरोबर आहे, पण तू म्हणतोस तसं सगळ्यांना एकाच मापाने द्यायचं ठरवलं की शेवटी कोणालाच फारसं मिळत नाही, आणि व्यापाराचे करार सरकार स्वतः करतं, त्यात ज्याचं गेलं त्याला सरकारनेच सावरायला नको का? असो, हा वाद दिवाळीच्या कार्यक्रमात घालू.

नंदा, कामाचं ऐक. शेवटच्या दिवसानंतर लगेच अनएम्प्लॉयमेंटचा अर्ज टाका, आपल्या मिशिगनमध्ये एप्रिल २०२५ पासून परत २६ आठवडे झालंय, मधे २० वर आणून ठेवलं होतं. सेव्हरन्स, म्हणजे काढताना कंपनी देते ते पैसे, मिळणार असेल तर तेही अर्जात लिहायचं, लपवायचं नाही. प्लांटमध्ये स्टेटची माणसं रॅपिड रिस्पॉन्सची, म्हणजे नोकरी जाणाऱ्यांना मदतीची, मीटिंग घेतात, तिथे 'डिसलोकेटेड वर्कर' (नोकरी गेलेला कामगार) म्हणून नाव लावा, ट्रेनिंगचे थोडे पैसे त्यातून निघू शकतात, कोर्स मात्र त्यांच्या यादीतलाच घ्यावा लागतो. कोब्रा, म्हणजे नोकरी गेल्यावरही कंपनीचाच हेल्थ इन्शुरन्स चालू ठेवणं, महाग पडतं, प्रीमियम सगळा आपल्यालाच, वर दोन टक्के. कंपनीचा इन्शुरन्स गेल्यापासून मार्केटप्लेसला (सरकारी साइटवरून स्वतः हेल्थ इन्शुरन्स घ्यायला) साठ दिवस असतात, ते चुकवू नका.
– प्रभाकरकाका

------

काका, खूप थँक्यू. ह्यांना वाचून दाखवलं, मोल्डिंगचा सेटअप आणि मेंटेनन्स दोन्ही येतं त्यांना, हातात सर्टिफिकेट मात्र काहीच नाही. मीटिंग बुधवारी आहे म्हणे, कॅफेटेरियात, शिफ्ट सुटल्यावर. त्या यादीत मेंटेनन्सचा शॉर्ट कोर्स असेल तर तोच विचारायला सांगते. ग्रँड रॅपिड्सच्या बाजूला कोणाच्या कंपनीत मेंटेनन्स टेक्निशियन हवा असेल तर मला वेगळा मेल टाका, लिस्टवर नको.
– नंदा