'#२' वालं कार्ड म्हणजे बहुतेक भूत आहे

तुम्ही लिहिलंय की स्टॅटिक आयपी (म्हणजे कॉम्प्युटरचा कायमचा ठरवून दिलेला नेटवर्क पत्ता) टाकायला गेलं की विंडोज म्हणतं हा पत्ता आधीच दुसऱ्या अ‍ॅडाप्टरला दिलाय, आणि नेटवर्क कार्डाच्या (म्हणजेच अ‍ॅडाप्टरच्या) नावापुढे '#२' लागलंय, पण दुसरं कार्ड तर कुठंच दिसत नाही. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं, धूळ साफ करताना लॅन कार्ड काढलं आणि परत लावताना शेजारच्या स्लॉटमध्ये बसवलं, झालं, विंडोजला वाटलं नवीन कार्ड आलं, जुन्याची नोंद आयपीसकट रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) तशीच पडून. यूएसबीवालं असेल तर पोर्ट बदलला तरी बऱ्याचदा हाच प्रकार होतो.

डिव्हाइस मॅनेजर उघडा, व्ह्यू मेनूत 'शो हिडन डिव्हायसेस' करा, नेटवर्क अ‍ॅडाप्टर्सखाली तुमच्याच कार्डाच्या नावाचं फिकट आयकॉनवालं दिसेल त्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) डिलीट करू का विचारलं तर टिक करू नका हां, चालू कार्डाचाही तोच ड्रायव्हर असतो! मग रीस्टार्ट करून आयपी टाका.

आणि तिथं 'वॅन मिनीपोर्ट' नावाची सातआठ मंडळी दिसतील, घाबरू नका, ती विंडोजचीच आहेत, व्हीपीएन वगैरेसाठी. व्हर्च्युअलबॉक्स किंवा हायपर-व्ही (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारी सॉफ्टवेअर) टाकलं असेल तर त्यांचेही अ‍ॅडाप्टर असतात, ते डुप्लिकेट नव्हेत. मी उत्साहात व्हर्च्युअलबॉक्सचा उडवला आणि मग अख्खं सॉफ्टवेअर परत टाकत बसलो :)

ते '#२' राहिलं तरी राहू दे, त्यानं काही अडत नाही.