चारकोल घातला की नारिंगी, न घातला की जांभळट लाल: कोबाल्ट-अमोनियाच्या कॉम्प्लेक्समध्ये हे कशामुळे होते?

प्रश्न: एमएस्सी_प्रथमवर्ष

नमस्कार. असेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत आमच्या वर्गाला कोबाल्टची दोन संयुगे तयार करायला दिली होती. दोन्ही कृतींची सुरुवात जवळपास सारखीच आहे. अमोनियम क्लोराइड आणि संहत अमोनियाच्या द्रावणात गुलाबी कोबाल्ट क्लोराइड घालायचे, मग हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने सोडायचे आणि शेवटी हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून गरम करून थंड करायचे. एका गटाच्या कृतीत पेरॉक्साइडच्या आधी थोडा ॲक्टिव्हेटेड चारकोल घालायला सांगितले होते. त्यांना नारिंगी स्फटिक मिळाले. आमच्या कृतीत चारकोल नव्हता आणि आम्हाला जांभळट लाल स्फटिक मिळाले. पहिल्यात कोबाल्टभोवती सहा अमोनिया आहेत, तर दुसऱ्यात पाच अमोनिया आणि एक क्लोराइड आहे (दोन्हींत क्लोराइड एकूण तीनच), एवढे पुस्तकातून कळले.

माझ्या शंका दोन आहेत. पहिली अशी, की चारकोल शेवटी गाळून टाकला जातो आणि उत्पादनाच्या सूत्रात तो कुठेही नसतो. मग सहावी जागा अमोनियाला मिळणार की क्लोराइडला, हे त्याच्यामुळे कसे ठरते? उत्प्रेरकाने फक्त वेग बदलतो, उत्पादन बदलत नाही, असे आम्ही शिकलो आहोत.

दुसरी शंका सिल्व्हर नायट्रेटच्या चाचणीबद्दल आहे. आमच्या संयुगाच्या थंड द्रावणात पांढरा साका आला, तो आम्ही गाळून वेगळा केला. गाळीव द्रवात आणखी सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर काहीच झाले नाही, पण तोच द्रव उकळल्यावर पुन्हा साका आला. म्हणजे तिसरा क्लोराइड कोबाल्टला जोडलेला आहे की बाहेर मोकळा आहे? जोडलेला असेल तर तो बाहेर का पडला?

उत्तर १: संथ_कोबाल्ट

तुम्हाला शिकवलेले विधान खरे आहे, परंतु त्यात एक अट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे अभिक्रियेला समतोलापर्यंत पोहोचायला पुरेसा वेळ मिळाला आहे. कोबाल्ट तीनच्या, म्हणजे तीन धन प्रभार असलेल्या कोबाल्टच्या, बाबतीत ही अट सहसा पूर्ण होत नाही, आणि तुमच्या दोन्ही शंकांचे मूळ तिथेच आहे.

कृती कोबाल्ट दोनपासून (दोन धन प्रभार असलेल्या कोबाल्टपासून) का सुरू करतात, ते आधी पाहू. कोबाल्ट दोनच्या कॉम्प्लेक्समध्ये लिगँडची, म्हणजे धातूला जोडलेल्या रेणूंची किंवा आयनांची, अदलाबदल अतिशय वेगाने होते. पाण्याने वेढलेल्या कोबाल्ट दोनच्या आयनाभोवतीचा एखादा पाण्याचा रेणू सेकंदाला लाखो वेळा बदलला जातो, त्यामुळे अमोनिया घालताच तो लगेच आत शिरतो. कोबाल्ट तीनमध्ये मात्र सहाच्या सहा डी-इलेक्ट्रॉन खालच्या पातळीतील तीन कक्षकांत जोड्या करून बसलेले असतात आणि लिगँडच्या दिशेने रोखलेले वरचे दोन कक्षक पूर्ण रिकामे असतात. या रचनेत लिगँड क्षेत्रामुळे (लिगँडच्या डी-इलेक्ट्रॉनांवरील प्रभावामुळे) मिळणारे स्थैर्य सर्वाधिक असते. एखादा लिगँड सोडण्यासाठी किंवा नवा आत घेण्यासाठी अष्टफलकाचा आकार मोडावा लागतो आणि त्यासाठी या स्थैर्याचा मोठा भाग खर्च होतो, म्हणून अदलाबदल फार संथ होते. साहजिकच अमोनिया कोबाल्ट दोनवर जोडून घेणे आणि मग ऑक्सिडीकरण करणे हा सोयीचा मार्ग ठरतो. ऑक्सिडीकरण झाले की त्या क्षणी जी मांडणी असेल ती जवळजवळ गोठते.

अमोनियाने वेढल्यावर हे ऑक्सिडीकरण सोपेही होते. नुसत्या पाण्यात कोबाल्ट तीन ते कोबाल्ट दोन या जोडीचा प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या क्षमतेचे माप) १.८ व्होल्टच्याही वर आहे, म्हणजे कोबाल्ट तीन पाण्याचेच ऑक्सिडीकरण करू शकतो. सहा अमोनिया भोवती असताना तोच विभव सुमारे ०.१ व्होल्टवर येतो. म्हणूनच कोबाल्टचे अमोनियातील द्रावण नुसत्या हवेतही तपकिरी पडते. तासेर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये हाच रंगबदल पाहिला होता.

आता चारकोल. संहत अमोनियाच्या द्रावणात समतोल गाठला गेला तर सहा अमोनियांचे कॉम्प्लेक्स मोठ्या प्रमाणात असायला हवे. पण पेरॉक्साइड वापरून घाईने ऑक्सिडीकरण केले की पाच अमोनिया आणि सहाव्या जागी पाणी किंवा हायड्रॉक्साइड, तसेच दोन कोबाल्टना पेरॉक्साइडच्या पुलाने जोडणारी तपकिरी संयुगे तयार होतात आणि तिथेच अडकून राहतात. पुढे तुम्ही हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून गरम करता तेव्हा अमोनिया अमोनियम बनून स्पर्धेतून बाहेर पडतो, सहाव्या जागेवरच्या पाण्याची जागा क्लोराइड घेतो आणि तयार झालेले हे संयुग कमी विद्राव्य असल्यामुळे स्फटिकरूपाने खाली बसते. तुमचे जांभळट लाल स्फटिक या वाटेने आले.

चारकोल ही अडकलेली पायरी सोडवतो. कोबाल्ट दोन आणि कोबाल्ट तीन यांच्या अमोनिया कॉम्प्लेक्समध्ये द्रावणात थेट इलेक्ट्रॉन देवाणघेवाण अत्यंत मंद असते. चारकोलच्या पृष्ठभागावर ती वेगाने होते. त्यामुळे कोबाल्ट तीनचा एखादा आयन थोडा वेळ कोबाल्ट दोन होतो, तेवढ्यात त्याच्याभोवतीचे लिगँड बदलून घेतो आणि पुन्हा कोबाल्ट तीन होतो. असे वारंवार घडल्यामुळे सगळे मिश्रण समतोलाकडे, म्हणजे सहा अमोनियांच्या नारिंगी संयुगाकडे सरकते. डेन्मार्कच्या यानिक ब्येरम यांनी कोबाल्ट तीन आणि अमोनिया यांचे समतोल स्थिरांक मोजले, ते १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या मोजमापांत त्यांनी समतोल गाठण्यासाठी चारकोलच वापरला होता. थोडक्यात, चारकोलने समतोल बदललेला नाही. तुमच्या भांड्यात समतोल गाठलाच गेला नव्हता, त्यांच्या भांड्यात तो बराचसा गाठला गेला.

उत्तर २: गाळणीपत्र

वरचे उत्तर पटण्यासारखे आहे, मात्र त्यात एक भर घालणे मला आवश्यक वाटते. सहा अमोनियांचे कॉम्प्लेक्स "स्थिर" आहे असे आपण म्हणतो, ते भरपूर अमोनिया असलेल्या द्रावणापुरतेच खरे आहे. आम्लात सगळे अमोनिया अमोनियम होऊन निघून जाणे ऊर्जेच्या दृष्टीने इतके अनुकूल आहे, की त्या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक दहाच्या २५ व्या घाताच्या आसपास येतो. असे असूनही हे नारिंगी संयुग विरल आम्लात दिवसेंदिवस जसेच्या तसे राहते. टिकून राहणे ही एक गोष्ट आणि समतोलाच्या अर्थाने स्थिर असणे ही दुसरी, हा भेद समजायला कोबाल्ट तीनइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. परीक्षेत "स्थिर" हा शब्द वापरताना कोणत्या अर्थाने वापरत आहोत, हे अवश्य लिहावे.

आता तुमची दुसरी शंका. तिसरा क्लोराइड थेट कोबाल्टलाच जोडलेला आहे आणि तुमची चाचणी ते अगदी बरोबर दाखवते. फक्त त्या चाचणीत काळ आणि तापमान हे घटकही आहेत. पाच अमोनिया आणि एक क्लोराइड असलेल्या या आयनातील क्लोराइडची जागा पाणी घेते, पण २५ अंश सेल्सिअसला या क्रियेचा वेग स्थिरांक सेकंदाला सुमारे १.७ भागिले दहा लाख इतका लहान आहे, म्हणजे अर्धायुष्य साडेचार दिवसांहून थोडे जास्त. थंड द्रावणात साका गाळून होईपर्यंत जोडलेल्या क्लोराइडचा नगण्य भाग बाहेर येतो. उकळताना हेच अर्धायुष्य काही मिनिटांवर येते, शिवाय सिल्व्हर आयन क्लोराइडला आपल्याकडे ओढून त्या क्रियेला हातभार लावतो. म्हणून उकळल्यावर आलेला साका हा तिसऱ्या क्लोराइडचा.

चाचणी नायट्रिक ॲसिडने आम्लधर्मी केलेल्या थंड द्रावणातच का करायची, याचे कारणही यातच आहे. अल्कली असेल तर एका अमोनियातील प्रोटॉन निघतो आणि त्यातून तयार झालेल्या अमाइड लिगँडमुळे क्लोराइड झपाट्याने सुटतो. एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तुमचा "आतला" क्लोराइड सेकंदाभराच्या अवधीत बाहेर पडू लागेल. जादा अमोनिया असेल तर उलटी अडचण होते, कारण सिल्व्हर क्लोराइड त्यात विरघळते.

साक्याचे वजन घेतले असल्यास ताळा करून पाहा. पाच अमोनिया असलेल्या तुमच्या संयुगाचे रेणुवस्तुमान २५०.४ आहे. त्याच्या ०.२५० ग्रॅमपासून थंड द्रावणात ०.२८६ ग्रॅम सिल्व्हर क्लोराइड मिळायला हवे, आणि उकळल्यानंतर त्यात आणखी ०.१४३ ग्रॅमची भर पडायला हवी.

प्रतिसाद: एमएस्सी_प्रथमवर्ष

दोघांचेही मनापासून आभार. थंड साक्याचे आमचे वजन ०.२८६ ग्रॅमच्या वर, ०.३१ ग्रॅमच्या जवळपास आले आहे. वाळवताना वजन स्थिर होईपर्यंत आम्ही थांबलो होतो. याचा अर्थ आमच्या संयुगात नारिंगी संयुगाची भेसळ आहे असा घ्यावा का?

उत्तर ३: गाळणीपत्र

तो एक पर्याय आहे, पण माझा पहिला संशय दुसऱ्यावर आहे. सहाव्या जागी पाणी असलेले गुलाबी लाल संयुग, ज्याला जुन्या ग्रंथांत रोझिओ म्हणत, त्यात तिन्ही क्लोराइड बाहेर असतात. त्याच्या ०.२५० ग्रॅमपासून ०.४०० ग्रॅम साका मिळतो, आणि नारिंगी संयुगापासून ०.४०२ ग्रॅम. म्हणजे नुसत्या वजनावरून या दोघांत फरक करता येणार नाही. तुमच्या कृतीत चारकोल नव्हता हे लक्षात घेता, हायड्रोक्लोरिक ॲसिडसह गरम करण्याची पायरी थोडी लवकर थांबली आणि काही भाग रोझिओच राहिला, ही शक्यता मला जास्त वाटते. विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये पुन्हा स्फटिकीकरण करून, बर्फासारख्या थंड पाण्याने अगदी थोडे धुऊन आणि मग अल्कोहोलने धुऊन वजन पुन्हा घ्यावे.

दृश्य प्रकाशातील वर्णपट घेण्याची सोय असेल तर निकाल अधिक स्पष्ट होईल. नारिंगी संयुग ४७५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या भागात प्रकाश शोषते. तुमच्या संयुगाचा शोषणपट्टा ५३० नॅनोमीटरच्या थोडा पुढे, हिरव्या भागात असतो. अमोनिया हा क्लोराइडपेक्षा प्रबळ लिगँड असल्यामुळे डी-कक्षकांच्या दोन पातळ्यांतील अंतर तो अधिक वाढवतो आणि शोषण जास्त ऊर्जेकडे सरकते. एका अमोनियाच्या जागी एक क्लोराइड आल्याने डोळ्यांना दिसणारा एवढा फरक पडतो. रोझिओचा पट्टा या दोघांच्या मधे, ४९० नॅनोमीटरच्या आसपास येतो, त्यामुळे भेसळ कोणाची आहे हे पट्टा किती आणि कुठे सरकला त्यावरून कळू शकेल.

उत्तर ४: झुरिचचा_वाचक

वरील चर्चेत एक ऐतिहासिक बाजू राहून गेली आहे आणि ती मुद्द्याशी निगडित आहे, म्हणून लिहितो. तुम्ही जी चाचणी केली, तीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या वादाच्या केंद्रस्थानी होती. कोपनहेगनचे सोफुस मॅड्स योर्गेनसेन हे या संयुगांचे अत्यंत काटेकोर प्रयोगकर्ते होते. अमोनियाचे रेणू एकमेकांना साखळीने जोडलेले असतात, साखळीच्या टोकाचा क्लोरीन सुटा होतो आणि थेट कोबाल्टला जोडलेला सुटत नाही, असे ते मानत. सहा, पाच आणि चार अमोनियांच्या संयुगांत त्यांच्या सिद्धांतानुसार सुटे क्लोराइड अनुक्रमे तीन, दोन आणि एक येतात, म्हणजे तुमच्या साक्याचे वजन या सिद्धांतालाही जुळते. आल्फ्रेड वर्नर यांनी १८९३ मध्ये मांडलेला सिद्धांत वेगळा होता. धातूभोवती अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर सहा लिगँड असतात आणि उरलेले आयन बाहेर असतात, असे ते म्हणत. पण या तीन संयुगांपुरते आकडे त्यांचेही तेच येत होते.

फरक पडला तो तीन अमोनियांच्या संयुगांपाशी. साखळीच्या सिद्धांताप्रमाणे तिथे एक ऋण गट सुटा व्हायला हवा होता, वर्नर यांच्या मते एकही नाही. वर्नर आणि आर्तुरो मिओलाती यांनी द्रावणांची विद्युत वाहकता मोजली. तीन अमोनिया आणि तीन नायट्रो गट असलेल्या कोबाल्ट संयुगाची वाहकता जवळजवळ शून्य निघाली. पुढे चार अमोनिया आणि दोन क्लोराइडच्या आयनाची दोनच रूपे (घटक तेच, मांडणी वेगळी) असतील हे वर्नर यांचे भाकीतही खरे ठरले; हिरवे रूप आधीपासून माहीत होते आणि जांभळे १९०७ मध्ये त्यांना मिळाले, तेव्हा योर्गेनसेन यांनी आपला सिद्धांत सोडला. त्यांची ही वृत्ती मला वर्नर यांच्या १९१३ च्या नोबेल पारितोषिकाइतकीच मोलाची वाटते, कारण वर्नर यांनी आधाराला घेतलेली बरीचशी संयुगे मुळात योर्गेनसेन यांनीच शुद्ध स्वरूपात करून ठेवलेली होती.

उत्तर १ मधील संथपणाचा संबंध इथे येतो. दोन रूपे वेगळी करणे, त्यांचे स्फटिक मिळवणे, प्रत्येकाची वाहकता मोजणे, हे सगळे शक्य झाले कारण कोबाल्ट तीन, क्रोमियम तीन आणि प्लॅटिनम यांचे कॉम्प्लेक्स द्रावणात आपली मांडणी सहजासहजी सोडत नाहीत. कोबाल्ट दोन किंवा निकेल दोनच्या साध्या अमोनिया संयुगांवर हेच काम करायला घेतले असते, तर द्रावणात विरघळवताच लिगँड बदलून गेले असते आणि रूपे वेगळी करताच आली नसती.

तुमच्या प्रयोगशाळेत वाहकतामापक असेल तर ०.००१ मोलर द्रावण करून लगेच, थंड असतानाच वाचन घ्या. पाण्यात मोलर वाहकता २५० च्या आसपास आली (नेहमीच्या सीमेन्स वर्ग-सेंटिमीटर प्रति मोल या एककात), तर एकूण तीन आयन, म्हणजे दोन क्लोराइड बाहेर. ४०० च्या पुढे गेली तर चार आयन. तुमच्या साक्याच्या वजनावरून ती या दोन आकड्यांच्या मधे, पण २५० च्या बरीच जवळ येईल असे वाटते. पुन्हा स्फटिकीकरण केल्यावर ती खाली आली, तर गाळणीपत्र यांचा रोझिओवरचा संशय बळावेल. मात्र भेसळ रोझिओची की नारिंगी संयुगाची, हे वाहकतेवरूनही ठरणार नाही, त्यासाठी वर्णपटच घ्यावा लागेल.