सुताराची हत्यारं वजनावर विकायची, भिंतीवर लावायची, की वापरणाऱ्याला द्यायची?

दर्यागाज:
माझे सख्खे काका वेंगुर्ल्यात होड्यांचं आणि घरांचं सुतारकाम करायचे, मार्गशीर्षात गेले. मागे मांगरभर, म्हणजे सामानाची खोपटी भरून, हत्यारं आहेत, शिसवी रंधे, स्टॅन्ली कंपनीचा एक लोखंडी 5 नंबरचा रंधा, पटाश्या, लाकूड तासायचे तीन वाकस, भोक पाडायचा जुना सामता, गिरमिटं, दोघांनी ओढायची मोठी करवत आणि अलीकडे घेतलेली मशीनं म्हणजे इलेक्ट्रिक रंधा, कटर, ड्रिल. भंगारवाला येऊन किलोचा भाव सांगून गेला. मग एक होमस्टेवाला आला, त्याला भिंतीवर लावायला सगळं एकगठ्ठा पाहिजे आणि तो भंगारापेक्षा खूपच जास्त देतोय. चुलतभाऊ पुण्यात, त्याला काही नको, काकूला पावसाआधी मांगर रिकामा करायचाय.

माझं मत स्पष्ट आहे, विकायचं तर वापरणाऱ्यालाच आणि एकेक हत्यार बघून. भाव काही मनाने लावायचा नसतो. जुन्या पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला पोलाद बरेचदा फक्त धारेच्या बाजूला जोडलेलं असतं, मागे मऊ लोखंड, म्हणजे पातं हातभर का असेना, पोलाद घासून संपलं की त्याला धार टिकत नाही. तेव्हा आधी पोलाद किती उरलंय ते बघायचं. वरचा गंज घासून निघतो पण पात्याच्या सपाट बाजूला धारेजवळ खड्डे पडले असतील तर किंमत उतरते. लोखंडी रंध्याच्या तोंडाशी बारीक तडा आहे का ते उजेडात धरून बघायचं, बिडाचं असतं ते, पडलं की तडकतं. काकांच्या बहुतेक पटाश्यांत अजून वीसेक वर्षांचं पोलाद आहे आणि त्या एखाद्या हॉटेलात खिळ्याला टांगायच्या?

खाडीपलीकडचा:
दादा तुमच्या भावना समजतात पण मला हे अजिबात पटत नाही. पैसे काकूंना हवेत ना? मग जो जास्त देतोय आणि एका फेरीत सगळं उचलतोय त्याला द्या. वापरणारा म्हणताय तो आहे कुठे? होड्या बहुतेक फायबरच्या झाल्या, फर्निचर प्लायचं. नवीन पोरगा काम शिकायला लागला तर विश्वकर्मा योजनेत टूलकिटसाठी 15,000 मिळतात, 2023 पासून चालू आहे, त्यात सुतार आणि होडी बांधणारे दोन्ही आहेत. तो नवीन मशीन घेईल, तुमचा सामता कशाला घेईल? तुम्ही एकेक पटाशीला गिऱ्हाईक शोधत बसणार, तोवर मिरग येणार आणि खाऱ्या हवेत त्याच पटाश्या लाल होणार. भिंतीवर गेलं तर निदान चार लोक बघतील तरी.

शिसवी_रंधा:
मी स्वतः सुतार, कुडाळ भागात काम करतो. दोघांचंही थोडं थोडं चुकतंय असं माझं मत.

आधी स्टॅन्लीचं बोलतो कारण त्यावरून लोक उगाच हवेत जातात. 5 नंबर म्हणजे 14 इंची, हा जगात सर्वात जास्त खपलेल्या रंध्यांपैकी एक आहे, जुना आहे म्हणून दुर्मिळ होत नाही. त्यावर मेड इन इंग्लंड असेल तर उत्तम अवजार आहे पण जमवणारे लोक जास्त करून अमेरिकन बनावटीचे, त्यातही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे शोधतात. म्हणजे ह्याला कामाचीच किंमत लावा. मूळ पातं आहे का, मागचा पितळी स्क्रू फिरतो का, लाकडी मूठ फुटलीय का, एवढं बघा.

मशीनं मात्र ह्याच आठवड्यात विका. त्यांची किंमत रोज कमी होते, कार्बन ब्रश आणि वायर बदलून, चालू करून दाखवा, बिल असेल तर सोबत ठेवा. हाताची हत्यारं थांबू शकतात. खोबरेल नको, ते चिकट होतं, मशीनचं पातळ तेल लावून सुक्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, पाऊस निघतो.

आणि खाडीपलीकडचे, सामता कोणी घेणार नाही हे खरं, पण पटाशीला गिऱ्हाईक नाही हे खोटं. प्लायच्या कामातही बिजागरी बसवायला पटाशीच लागते आणि आजची बाजारातली स्वस्त पटाशी फणसाच्या गाठीवर दुमडते. मी जुनी मिळाली तर नवीन घेतच नाही.

आबोलीचा_वळेसर:
माका ह्या कायच पटूक नाय. खंडेनवमीक ज्या हत्यारांका फुला वायली ती इकतत? काकीक कोणी इचारल्यान काय तिका काय होया ता? निदान एक वाकस आणि एक रंधो घरात रवांदे. पोरगो आज नको म्हणता, उद्या त्याच्या पोराक आजो काय करी होतो ता कशावरना सांगतलो?

खाडीपलीकडचा:
एक वाकस ठेवायला माझी ना नाही. पण मांगरभर ठेवायचं म्हणजे वाळवीला जेवण, शिसवी रंधा सोडून बाकीच्या लाकडी मुठी दोन पावसात जातील.

चिपळूण_फास्ट:
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. चुलतभावाला नको हे ठीक, चुलतबहीण आहे का? काकांची आई हयात आहे का? मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगे, मुली आणि आई ह्यांचा सारखा हक्क असतो, तो जमिनीपुरता नाही, मांगरातल्या पटाशीवरसुद्धा आहे. हत्यारांवरून कोर्टात कोणी जात नाही पण मने मोडतात. सगळ्यांना फोन करून मगच विका. आणि ज्याला किलोची वस्तू वाटतेय त्याने हे पण बघावं की 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, कलम 60, कारागिराची हत्यारं कर्जवसुलीसाठी जप्त करता येत नाहीत. सावकाराचा हुकूमनामा असला तरी नाही. कायद्याने ती पोटाची साधनं मानलीत.

दर्यागाज:
बहीण आहे, गोव्याला दिलीय, तिला आज रात्रीच फोन करतो. काकूला विचारलं, ती म्हणाली लहान वाकस ठेव, बाकी कोणाच्या तरी हातात जाऊ दे. "हातात" हा तिचाच शब्द. म्हणून मी अडून बसलोय, होमस्टेवाल्याचा राग नाही. पैशाचंही सांगतो, मशीनं आणि पटाश्या वेगळ्या विकल्या तर माझ्या अंदाजाने त्याच्या रकमेच्या जवळपास जाईलच, आणि तो एकगठ्ठा मागतोय कारण त्यात चांगला माल आहे हे त्यालाही दिसतंय.

खाडीपलीकडचा:
काकूच असं म्हणाल्या असतील तर माझा मुद्दा संपला, त्यांचाच निर्णय. पण एक तारीख ठरवा, मेच्या शेवटपर्यंत जे गेलं नाही ते होमस्टेला द्या. नाहीतर सगळं तिथेच राहतं, आमच्या आजोळी तसंच झालं.

शिसवी_रंधा:
तारखेचं बरोबर आहे. होडीच्या पोटाला लावायचे गोल तळाचे रंधे असतील ना, आणि फळ्यांच्या फटीत कापूस ठोकायच्या बोथट पटाश्या? त्या सुट्या करू नका, सेट एकत्र ठेवा, फर्निचरवाल्याला शून्य उपयोग पण मालवणकडे लाकडी होड्या दुरुस्त करणारा एकजण माझ्या ओळखीचा आहे, त्याला विचारतो. साध्या पटाश्या मी स्वतः बघायला रविवारी येतो, भाव काकूंच्या समोर करू. मोठी करवत मला नको, ती खुशाल भिंतीवर जाऊ दे.