मतदान घेतलं असतं तर खाणी वाचल्या असत्या?

रानवारा: काल इथे कुणीतरी लिहिलं, "आर्थर स्कारगिलच्या अहंकारापायी ब्रिटनचे खाणकामगार देशोधडीला लागले." वाचून डोकं तापलं. स्कारगिल म्हणजे १९८४-८५च्या संपाचा नेता, खाणकामगार संघटनेचा अध्यक्ष. हा माणूस १९५३ मध्ये, पंधराव्या वर्षी, यॉर्कशायरच्या वूली खाणीत उतरला. १९८४ मध्ये सरकारी कोळसा मंडळ म्हणत होतं, वीसच खाणी बंद करू. स्कारगिल घसा फोडून सांगत होता, आकडा सत्तरच्या वर आहे. त्याला खोटारडा ठरवलं. २०१४ मध्ये सरकारी कागद खुले झाले, त्यात ७५ खाणी निघाल्या. आता बोला!

सडेतोड: आकडा बरोबर होता, मान्य. पण संप करायचा की नाही यावर सभासदांचं देशव्यापी मतदान का टाळलं? १९८२ मध्ये दोनदा आणि ८३ मध्ये एकदा सभासदांनी संपाला नकार दिला होता. चौथ्यांदा विचारायची हिंमत नव्हती. नॉटिंगहॅमशायरवाले म्हणूनच कामावर गेले.

रानवारा: फितूर होते ते.

बार्न्स्लीकर: मी यॉर्कशायरच्या बार्न्स्लीत राहते. शेजारचे आजोबा जुने खाणकामगार. हातांवर निळे वण आहेत, जखमेत गेलेली कोळशाची पूड कातडीखाली तशीच राहिलेली. सख्खा भाऊ नॉटिंगहॅमशायरमध्ये कामावर जात राहिला. आईच्या अंत्यविधीलाही दोघं बोलले नाहीत. मतदानाचं विचारलं तर म्हणतात, माझी नोकरी राहणार की जाणार, हे ज्याची खाण शाबूत आहे त्याने मत देऊन का ठरवायचं?

सडेतोड: कारण संघटना एक होती, ताई! भावाभावांतल्या वैराचं खापरही तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंवरच फोडणार का?

हिशेबनीस: स्कारगिलच्या लंडनच्या फ्लॅटबद्दल कुणीच बोलत नाही. भाडं संघटनेच्या, म्हणजे कामगारांच्या पैशातून. २०१२ मध्ये कोर्टाने त्याच्या विरोधात निकाल दिला.

रानवारा: फ्लॅटमुळे खाणी बंद पडल्या का? ऑर्ग्रीव्हच्या कोक कारखान्याबाहेर १८ जून १९८४ रोजी संपकरी कामगारांवर घोडेस्वार पोलीस घातले. दंगलीचे खटले भरले, तेही कोर्टात कोसळले. त्यावर बोला.

सडेतोड: पोलिसांची बाजू घेतली कुणी? स्कारगिल मतदान जिंकला असता तर नॉटिंगहॅमशायरचा कोळसा वीजकेंद्रांना मिळत राहिला नसता. हरला असता तर निदान संघटना फुटली नसती.

रानवारा: बरं, घ्यायला हवं होतं मतदान. एवढंच मान्य. पण कामावर गेलेल्यांच्या खाणी वाचल्या का? थोर्स्बी नॉटिंगहॅमशायरचीच, २०१५ मध्ये तीही गेली.

सडेतोड: म्हणजे तिथल्या लोकांना तीस वर्षं पगार मिळाला. तोही धरा हिशेबात.

बार्न्स्लीकर: एका थोर्स्बीचं काय सांगता? तिकडच्या कितीतरी खाणी नव्वदच्या दशकातच बंद झाल्या. आजोबांच्या भावाचीही.